गाद्यांचा सेल आणि बाबांचे कान

दर वर्षी दहावीच्या मुलांचे निबंध तपासायला घेतले की 'प्रसारमाध्यमे : शाप की वरदान' या विषयाचा एक गठ्ठा हमखास माझ्या हाती येतो. मुलं छान लिहितात. आधी वरदान, मग शाप, शेवटी दोन्हींची समजूत घालून शुभं भवतु. माध्यमांची कार्ये कोणती, तर माहिती देणे, ज्ञान देणे, मनोरंजन करणे, जनमत घडवणे. मी लाल पेनने बरोबरची खूण करते आणि मनातल्या मनात म्हणते, बाळांनो, एक राहिलंच. गाद्या विकणे.

हे मी अनुभवाने सांगते आहे. कारण काही काळ मी स्वतःच एक प्रसारमाध्यम होते.

त्याचं असं झालं, की आमच्या नवीन पनवेलमध्ये उद्या पाणी येणार नाही, साड्यांचा सेल लागला आहे, कुणाचं तरी पांढरं कुत्रं हरवलं आहे, अशा सगळ्या बातम्या एक रिक्षा देते. टपावर दोन भोंगे, मागे बॅनर, आणि चालवणारा जवळच्या कोन गावाकडचा माणूस. सगळ्या घोषणा तो स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायचा. एका उन्हाळ्यात त्याचा घसा बसला तो बसलाच. त्याची मुलगी माझ्या शाळेत होती. त्या ओळखीवर तो घरी आला आणि खुणा करत, कुजबुजत म्हणाला, "वैनी, माजा आवाज गेला. तुमी मास्तरीन हाव. तुमचा आवाज मागच्या बाकापरत जातो. दोन वाक्यं बोला फक्त."

मी आधी नाही म्हणाले. शिक्षिकेने भोंग्यावर ओरडायचं म्हणजे काय? पण खरं सांगते, आतून मला गुदगुल्या झाल्या होत्या. लहानपणी हातात लाटणं धरून मी घरादाराला बातम्या वाचून दाखवायची. रेडिओवर जायचं होतं, टीव्हीवर जायचं होतं, आणि गेले कुठे, तर नववी 'क'च्या वर्गावर. तेव्हा दोन मिनिटांनी मी हो म्हणाले.

रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओ म्हणजे आमच्या बेडरूममधलं कपाट. हॉलमध्ये आवाज घुमायचा. साड्यांच्या घड्यांमध्ये मोबाइल ठेवून कपाटात तोंड घातलं की आवाज कसा गोल यायचा. कपाटाबाहेर फक्त माझी पाठ दिसायची. "नागरिकांनो, कृपया लक्ष द्या. उद्या सकाळी पाणीपुरवठा बंद राहील." पहिल्यांदा ही वाक्यं सेक्टरच्या कोपऱ्यावरून भोंग्यातून आली तेव्हा मी बाल्कनीत होते, हातात ओले मोजे होते, आणि मी एकटीच खदखदून हसत सुटले. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका बादल्या घेऊन पळत होत्या. माझ्या सांगण्यावरून. नववी 'क'ने माझं इतकं कधी ऐकलं नव्हतं.

मानधन म्हणून तो कधी बोंबील आणायचा, कधी कोलंबी, आणि एकदा साड्यांचा सेल जोरात गेला तेव्हा अख्खा जिताडा मासा. जिताडा मिळणार असेल तर मी बातम्या काय, पंचांगसुद्धा वाचलं असतं.

आता माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांची आहे.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. सकाळी पेपर पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचा, दुपारी टीव्हीवर बातम्या, संध्याकाळी बागेत ज्येष्ठांच्या कट्ट्यावर त्या बातम्यांचं वाटप. जगात दोनच प्रकारची माहिती असते असं त्यांचं ठाम मत: अधिकृत आणि घरची. घरच्या माहितीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मी म्हणाले, "बाबा, उद्या पाणी नाही," तर ते म्हणायचे, "पेपरात नाही आलं." आणि तासाभराने माझाच आवाज रस्त्यावरून तेच सांगत गेला की उठून पिंप, बादल्या, कुकर, एवढंच काय, पूजेचा तांब्यासुद्धा भरून ठेवायचे. वर मला सांगायचे, "बघ, आता अधिकृत झालं."

माझा आवाज त्यांना ओळखू आला नाही का, असं तुम्ही विचाराल. नाही आला. कारण घरात त्यांना माझा आवाज ऐकूच येत नव्हता. भोंग्यातून येणारा तेवढा यायचा.

त्यांना ऐकू कमी येतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्यांना सोडून. त्यांचं निदान वेगळं होतं. "हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात." डॉक्टर तोंडातल्या तोंडात बोलतात, भाजीवाला तोंडातल्या तोंडात बोलतो, सूनबाई तर ओठसुद्धा हलवत नाही. टीव्ही मात्र त्यांना स्पष्ट ऐकू यायचा, कारण एक तर तिथे सगळे भांडत असतात आणि दुसरं म्हणजे खालची पट्टी वाचता येते. एकदा तर ते कौतुकाने मला म्हणाले, "ती रिक्षातली बाई ऐक. शब्द कसा टाकते. असं बोलावं माणसाने." मी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसून हसले.

पण एका गोष्टीचं मला हसू येत नव्हतं.

माझा नवरा बोटीवर असतो, मालवाहू जहाजावर. रेंज मिळाली की रविवारी फोन करतो. नोकरी धरली तेव्हा बापलेकांत चांगलीच जुंपली होती. बाबांना तो बँकेत हवा होता. तो निघाला त्या दिवशी बाबा पेपरातून डोकं वर काढायला तयार नव्हते. पुढे राग विरला, बाबा कट्ट्यावर मुलाच्या जहाजाच्या बढाया मारायला लागले, पण हे मुलाला कोण सांगणार? दर रविवारी फोन बाबांच्या हाती दिला की ते म्हणायचे, "हो, हो. तब्येत छान. जप. रेंज नाही वाटतं, घे, हिच्याशी बोल." की फोन माझ्याकडे. आणि तिकडून नवरा विचारायचा, "अजून रागावलेत ना?"

मी सांगून दमले की रागबिग काही नाही, त्यांना ऐकू येत नाही. तो म्हणायचा, "मॅचची कॉमेंट्री बरी ऐकू येते. माझाच फोन आला की कशी रेंज जाते?" तोही शेवटी बाबांचाच मुलगा. घरच्या माहितीवर त्याचाही विश्वास नव्हता.

मधल्या मध्ये माझं सँडविच. एक म्हणतो तो पुटपुटतो, दुसरा म्हणतो ते रागावलेत. एका रविवारी फोन ठेवताना नवऱ्याने सहज म्हणावं तसं म्हटलं, "पुढच्या वेळी त्यांना नको देऊस. उगाच त्यांना त्रास." म्हणजे हा दोर आता तुटणार, आणि दोघांपैकी कुणालाही तो तोडायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मला गाद्यांच्या भव्य सेलची जाहिरात रेकॉर्ड करायची होती. मी बाबांना सांगून गेले, "कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा." ते हो म्हणाले. काय ऐकून हो म्हणाले देव जाणे. मी कपाटात तोंड घालून अजून 'नागरिकांनो'सुद्धा म्हटलं नव्हतं, तोच जळका वास आला. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारून थकला होता, डाळीचा कोळसा झाला होता, आणि बाबा कुकरपासून चार हातांवर शांतपणे शब्दकोडं सोडवत होते. मी ओरडले. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "स्पष्ट बोल गं जरा."

मी तरातरा कपाटाकडे परत गेले. संताप इतका होता की कुणाला तरी सांगणं भाग होतं, आणि साड्या समोरच होत्या. मोबाइल चालूच राहिला होता. मी माझ्या रिक्षाच्या आवाजात, शब्द टाकत टाकत, साड्यांना सुनावलं:

"सूचना, सूचना, सूचना. तमाम ज्येष्ठ पुरुष नागरिकांसाठी. ज्यांना कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, ज्यांना वाटतं की सगळं जग तोंडातल्या तोंडात बोलतं, मुलाचा फोन आला की ज्यांची रेंज जाते, त्यांनी आपले कान त्वरित तपासून घ्यावेत. लाजू नये. तुमचा मुलगा तुम्हाला काहीतरी सांगतो आहे."

बरं वाटलं. मग शांत डोक्याने गाद्यांची जाहिरात केली. "भव्य सेल. फक्त दोन दिवस. स्थळ, स्टेशनजवळचं मंगल कार्यालय. सकाळी दहापासून. स्वतः या, झोपून पाहा, खात्री करा." आणि फाइल रिक्षावाल्याला पाठवून दिली. एक पाठवली असं मला वाटलं. दोन्ही गेल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, वाजवण्याआधी त्याने ऐकलं नाही का? मीही त्याला नंतर हेच विचारलं. तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "वैनी, आमी वाजवतो. आमी आयकत नाय." माध्यमांवरचं इतकं नेमकं वाक्य माझ्या एकाही विद्यार्थ्याने अजून लिहिलेलं नाही.

मंगळवारी मी शाळेत असताना त्या दोन फाइली एकामागून एक वाजत गावभर फिरल्या. आणि फिरत्या रिक्षाची गंमत अशी असते, की एका खिडकीत उभं राहून पूर्ण घोषणा कुणालाच ऐकू येत नाही. ती येते तेव्हा अर्धं वाक्य आलेलं असतं, वळते तेव्हा अर्धं राहिलेलं असतं. उरलेलं ज्याने त्याने जोडायचं. ज्येष्ठांच्या कट्ट्याने ते असं जोडलं: ज्येष्ठ पुरुषांच्या कानांची तपासणी आहे. स्थळ, स्टेशनजवळचं मंगल कार्यालय. दहापासून. दोनच दिवस. झोपून तपासतात.

संध्याकाळी मी घरी आले तर बाबा उत्साहाने लाल झाले होते. "उद्या कट्ट्यावरच्या सगळ्यांना घेऊन जातोय. सरकारी योजना आहे. तिघांना तर फारच गरज आहे, बिचाऱ्यांना काही ऐकू येत नाही. मला नाही, मी नुसता बरोबर. कुणीतरी जबाबदार माणूस हवा ना." मी विचारलं, कसली योजना? कट्ट्यावर जोडून पाठ केलेला शब्दन् शब्द त्यांनी म्हणून दाखवला. कुकर, रेंज, तुमचा मुलगा, सगळं. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. टोमॅटो सोफ्याखाली गेले.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण काय सांगणार, आणि कुठल्या आवाजात? मी घसा ताणून म्हटलं, "बाबा, ते चुकून झालंय." ते म्हणाले, "चुकून कसं? अधिकृत आहे."

बुधवारी मी रजा टाकली आणि त्यांच्या मागोमाग मंगल कार्यालयात पोचले. दारावर झेंडूचं तोरण, आत भिंतींना टेकवलेल्या गाद्यांच्या थप्प्या, आणि गाद्यांवर रांगेने आडवे झालेले पनवेलचे ज्येष्ठ नागरिक. चपला पायथ्याशी नीट जोडून ठेवलेल्या, डोळे छताकडे, हात छातीवर. आमच्याच कट्ट्याचे नव्हे, खांदा कॉलनीतलेही, आणि कोनहून तर एक अख्खी जीप आली होती. त्यातले एक आजोबा विक्रेत्याला विचारत होते, "डाक्टर कवा येनार? आमी उताने झोपू का कुशीवर?" विक्रेता म्हणत होता, "तुम्हाला आवडेल तसं, काका, ही ऑर्थोपेडिक आहे."

मी खांबामागे उभी राहून इतकी हसले की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग माझं लक्ष बाबांकडे गेलं. ते एकटे उभे होते, कोण आलं कोण राहिलं बघत, सगळ्यांना शिस्तीत झोपवत. त्यांच्या चेहऱ्यावर बँकेतला जुना रुबाब होता. आता कुणीतरी उठून म्हणणार की इथे कसली तपासणी नाही, तुम्हाला कुणी आणलं, आणि सगळे बाबांकडे बघणार.

मी सरळ विक्रेत्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. भोंग्यातली बाई ती मीच, हेही. तो पोट धरून हसायला लागला. धंद्याचा माणूस. त्याला समोर गिऱ्हाईक झोपलेलं दिसत होतं. मागच्या गल्लीत चष्मे आणि कानाची मशीन विकणारं दुकान होतं, तिथे त्याची ओळख होती. त्याने फोन लावला. थोड्याच वेळात तिथली कान तपासणारी मुलगी एका हातात मशीन आणि दुसऱ्या हातात वायरचं भेंडोळं घेऊन धावत आली. "शांत जागा लागेल," ती म्हणाली. विक्रेत्याने चारी बाजूंनी उभ्या गाद्या लावून खोली केली. आत शिरलं की बाहेरचा गलका बंद. माझं कपाटच, फक्त मोठं.

पहिलं कोण जाणार? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लाजू नये असं मी सांगितलं होतं, पण लाज कुणाच्या सांगण्याने जात नाही. बाबा पुढे झाले. "मला गरज नाही. पण उदाहरण घालून देतो."

त्या गाद्यांमध्ये एक फट होती. त्यातून मला ते दिसत होते. कानाला हेडफोन, पाठ ताठ. आवाज ऐकू आला की बोट वर करायचं, असं त्यांना सांगितलं होतं. मुलीने एक बटण दाबलं. दुसरं दाबलं. बाबा गुडघ्यावर बोट तयार ठेवून बसले होते, शाळेतल्या हुशार मुलासारखे. बोट वर होईना. ती दाबत राहिली, ते वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने बोट एकदा वर गेलं.

बाहेर येऊन ते म्हणाले, "मशीन नादुरुस्त दिसतंय." मग कोनचे आजोबा आत गेले, आणि फटीतून आम्ही दोघांनी पाहिलं. त्यांचं बोट वर, खाली, वर, खाली. बाबा बराच वेळ बघत उभे होते. मग जवळच्या गादीच्या कडेवर बसले आणि हळू आवाजात, स्वतःशीच, म्हणाले, "म्हणजे इतके दिवस माझंच ऐकायचं राहिलं की."

मला तेव्हा त्यांना मिठी मारावीशी वाटली. सुनेने सासऱ्यांना मिठी मारायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी त्यांची चप्पल सरळ करून ठेवली.

त्या दिवशी त्या विक्रेत्याच्या गाद्या संपल्या. आमच्याही घरी एक आली. कानाचं मशीन यायला पुढचा आठवडा उजाडला. ते बसवून आणलं तेव्हा बाबा हॉलमध्ये बसून एकेक आवाज नव्याने ओळखत होते. पंखा, कबुतर, वरच्या मजल्यावरचा मिक्सर. खालून रिक्षा चालली होती, माझ्याच आवाजात, 'नवा माल, लोकाग्रहास्तव सेलला मुदतवाढ'. मी स्वयंपाकघरातून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बाबा, चहा घेता का?"

ते खिडकीकडे वळले. मग माझ्याकडे. पुन्हा खिडकीकडे. मी कपबशी घेऊन तशीच उभी. रिक्षा कोपऱ्यावरून वळली.

"म्हणजे अधिकृत ते तूच," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "साखर कमी घाल. आणि ते कुकरचं सगळ्या गावाला सांगायची काही गरज नव्हती."

रविवारी फोन आला. मी नवऱ्याला आधी काहीच सांगितलं नव्हतं. घरची माहिती, सांगून उपयोग काय? त्याने सवयीने ओरडून म्हटलं, "बाबा नको, तू बोल." मी फोन बाबांच्या हातात दिला आणि भात लावायला आत गेले. कान मात्र हॉलमध्येच ठेवले होते.

"ओरडू नकोस रे," बाबा म्हणाले. "रेंज आहे. बोल तू."

मग तो काहीतरी बोलला असणार, बराच वेळ बोलला असणार, कारण बाबा मध्येच एकदा 'हं' म्हणाले, खरं ऐकून म्हणतात तसं. माझ्या हातातले तांदूळ धुवायचे राहिले. शेवटी मी कुकर चढवला आणि तिथेच उभी राहिले.

"नव्हतो रे रागावलो," बाबा म्हणत होते. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "ऐकू येत नव्हतं मला."

मी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात कुकरने शिट्टी मारली, मग दुसरी, आणि हॉलमधून बाबा ओरडले, "अगं, बंद कर तो कुकर. काय म्हणतोय तो, ऐकू येत नाहीये मला."